थंडी सोसणारा पाम आणि कोल्हापूरचा जुलै

रोहिण्या लागल्या की रोपवाटिकांतली वर्दळ वाढते. अलीकडे विचारणा होते ती ‘थंडी सोसणाऱ्या’ संकरित पामची. मोबाइलवर बर्फात उभ्या असलेल्या पामचा फोटो दाखवायचा आणि ‘असला मिळंल का?’ म्हणायचं. मिळतो, पण खिशात हात घालण्याआधी थोडं ऐका. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १२-१३ अंशांवर आला तरी शेकोट्या पेटतात. यातला सगळ्यात नावाजलेला संकर, म्यूल पाम, उणे ८-९ अंशांपर्यंत तग धरतो. म्हणजे ज्या गुणाचे जादा पैसे मोजायचे तो इथं कधी वापरलाच जाणार नाही. कोल्हापुरात पाम मरतो तो पाण्यानं, आणि तोही जुलैत.

तरीही लावा, झाड देखणं आहे. निळसर-करड्या, कमानदार पानांचा ब्यूटिया आणि झपाट्यानं वाढणारा क्वीन पाम यांचा हा संकर. दोघंही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ब्यूटिया चिवट पण वाढीला मंद, क्वीन पाम चपळ पण थंडीला नाजूक. घोडी आणि गाढवाच्या पोटी खेचर यावं तसं हे झाड, म्हणून नाव म्यूल. खेचरासारखंच ते बहुतेक वेळा वांझ असतं. ब्यूटियाच्या फुलांवर क्वीनचा पराग हातानं सोडून एकेक बी धरावं लागतं, म्हणून रोप महाग. त्यामुळं कुणी ‘म्यूल पामचं बी, शंभर रुपयांत वीस’ म्हणत असेल तर समजून जा. परदेशातून टपालानं बी मागवण्याच्या फंदातही पडू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो.

फसवणूक होते ती ओळखण्यात. आपल्याकडे रॉयल पामला सर्रास बॉटल पाम म्हणून विकतात, तर संकराची काय कथा! रोपाच्या पानाचा देठ बोटांच्या चिमटीत धरून बुडाकडून वर हळू सरकवा. ब्यूटियाला करवतीसारखे काटे लागतील, क्वीनचा देठ गुळगुळीत लागेल. संकराला बुडाशी बारीक दातांची खरखर जाणवते, वर जाईल तशी ती विरते. पण ही परीक्षा लहान रोपावर चालत नाही. पट्टीसारख्या अखंड पानांच्या वयात सगळी भावंडं सारखीच दिसतात. पिसासारखी फाटलेली पानं आल्याशिवाय रोप घेऊ नका.

जुबिया या चिलीच्या पामचे संकर मात्र टाळा. त्याच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपलं सगळंच उलटं. ट्रॅकीकार्पस या थंड हवेतल्या पामची एक जात आपल्या कुमाऊँच्या डोंगरांतली आहे, पण शहरातला एप्रिल तिला मानवत नाही. पन्हाळ्यावर घर असेल तर अर्ध्या सावलीत एखादं करून बघायला हरकत नाही. आणि नुसता डौलच हवा असेल, तर फॉक्सटेल आणि व्हीचिया या दोन पामचा संकर आपल्या हवेला जास्त जवळचा. त्याला थंडी सोसत नाही, पण ती इथं आहे कुठं?

आता खड्डा. तो याच आठवड्यात काढा. आडवा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट, खोली मात्र गड्ड्याएवढीच. नारळाच्या सवयीनं तीन फूट खोल खणून तळाशी वाळू भरू नका. काळ्या रानात तो खड्डा राहत नाही, हौद होतो. चारी बाजूंचं पाणी त्या वाळूत येऊन बसतं. खड्ड्यात फूटभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा. पाणी दिसलं तर खड्डा बुजवा आणि दीड फुटाचा पसरट उंचवटा करून त्यावर लावा. जांभ्याच्या किंवा मुरमाड जमिनीत हा प्रश्न नाही, तिथं सपाटीला लावलं तरी चालतं. मृगाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर लावलं, तर जुलैतला तरणा-म्हातारा पाऊस कोसळायच्या आत मुळं धरतात. मृग चुकला तर थेट सप्टेंबर.

जागा निवडताना म्यूल पामचं हे झाड २५-३० फूट उंच जातं आणि पानांचा घेर १५ फुटांपर्यंत होतो हे विसरू नका. एका गुंठ्याच्या प्लॉटवर एकच, भिंतीपासून आठ-दहा फूट, वर वीजतार नको.

माझं पहिलं झाड मीच मारलं. वाऱ्यानं हलू नये म्हणून सहा इंच खोल लावलं, बुंध्याला ओल्या शेणखताचा ढीग घातला. जुलैच्या झडीत बाहेरची पानं हिरवीगार होती, मधलं न उमललेलं पान तेवढं मलूल वाटलं. धरून हलकं ओढलं तर सळकन हातात आलं. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वास. कोंब कुजला होता. पामला वाढीचा डोळा एकच, तो गेला की हिरवी पानं काही आठवडे खोटी आशा दाखवतात, एवढंच. खत कुजलेलंच हवं आणि बुंध्यापासून हातभर लांब. आच्छादनाला उसाचं पाचट उत्तम, तेही बुंध्याला टेकवू नका.

पावसाच्या तोंडावर आणि मग झड उघडली की कोंबात एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, सोडा. घरच्यापुरतं १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मग तिसऱ्या बादलीत दोन्ही एकदम ओतत ढवळा. घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

शेजारी उकिरडा असेल तर गेंड्या भुंगा येणारच, त्याच्या अळ्या तिथंच पोसतात. पान उघडल्यावर कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखं दिसलं तर भुंगा कोंबात शिरून गेलाय. बारीक आकड्याच्या तारेनं तो बाहेर ओढा आणि आतल्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समान मिसळून मूठभर भरा. उकिरड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली तर अळ्या मुळातच कमी होतात.

पिवळ्या पानांवर कोयता चालवण्याची घाई नको. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके म्हणजे पालाश कमी, आणि झाड त्या पानांतलाच पालाश नव्या पानाला पुरवत असतं. पूर्ण वाळेपर्यंत राहू द्या. नवं पान आखूड, वळलेलं, जळल्यासारखं आलं तर मँगनीजची उणीव समजा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती हमखास येते. मँगनीज सल्फेट लिटरला ३ ग्रॅम फवारा. दुकानदार नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं १९:१९:१९ खत हातात देईल, पण पामची भूक नत्रापेक्षा पालाशची जास्त.

शेवटी पुराचं. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं ते दुधाळी-शाहूपुरीकरांना सांगायला नको. पंचगंगेचं पाणी परसात येऊन गेलं, तर ओसरल्याबरोबर आधी घर नाही, दहा मिनिटं झाड. कोंबात बसलेला गाळ स्वच्छ पाण्याच्या मंद धारेनं धुवा, बुंध्याशी चढलेला थर जुन्या पातळीपर्यंत खरवडून काढा, आणि ऊन पडेल त्या दिवशी बोर्डो. खत महिनाभर नको.