शेंगदाण्याचा सॉस: या चुका टाळा

साते (सळीवर भाजलेलं मांस), गाडो-गाडो (इंडोनेशियातलं भाज्यांचं सॅलड) किंवा व्हिएतनामी समर रोल (तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळलेल्या भाज्या) यांच्याबरोबर येतो तसा शेंगदाण्याचा सॉस घरी पाच मिनिटांत होतो. तरी लोक दर वेळी तेच घोळ घालतात आणि खापर रेसिपीवर फोडतात.

पहिला घोळ पाण्याचा. पीनट बटरमध्ये चमचाभर पाणी घातलं की ते सैल व्हायच्या ऐवजी आवळतं. पीनट बटर म्हणजे तेलात तरंगणारे दाण्याचे बारीक कण. थोडंसं पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी घातलं की सुटतात. एवढंच आहे. पण धीर कोणाला? पाहुणे दारात असताना भाचीचा फोन आला, “मावशी, सॉस फाटला!” मी गरम पाणी घाल म्हणेपर्यंत तिने दोन पळ्या तेल ओतलं होतं, वर कॉर्नफ्लोअर कालवून भांडं गॅसवर चढवलं होतं. पुस्तकं चिकटवता येतील अशी खळ तयार झाली. पाहुण्यांनी रोल नुसत्या सोया सॉसबरोबर खाल्ले.

मी अर्धी वाटी पीनट बटरमध्ये आधी दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा लिंबाचा रस, चमचाभर चिरलेला गूळ, किसलेलं आलं-लसूण आणि तिखट घालते. मग गरम पाणी, एका वेळी दोन चमचे, आणि प्रत्येक वेळी जोरात फेटणं. मध्येच गोळा होतो, तेव्हा हात थांबवायचा नाही. पुढच्या दोन-चार चमच्यांत रंग फिका पडतो आणि सॉस मऊ होतो. कॉर्नफ्लोअरला यात काही काम नाही.

दुसरा घोळ खास आपला: “घरात दाण्याचं कूट आहेच की!” ते खिचडीत ठेवा. कुटातलं तेल दाण्यातच अडकलेलं असतं, म्हणून सॉस खरखरीत लागतो आणि पाणी वेगळं होतं. दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजा, सालं पाखडा, कोमट असतानाच मिक्सरला लावा. आधी कूट होईल, मग ते भांड्याच्या कडांना चिकटेल. नवशिके नेमके इथे थांबतात किंवा पाणी घालतात. कडा खरवडा, मिक्सरला दम घेऊ द्या, पुन्हा फिरवा. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, ते सुटून वाटण चकाकतंच. इंडोनेशियात गाडो-गाडोसाठी तळलेले दाणे दगडी चोबेकमध्ये, म्हणजे उथळ खलात, रगडतात. तो सॉस थोडा रवाळ असतो, पण कोरडा नसतो.

बाकीचं थोडक्यात. गोड पीनट बटर घेतलंत तर गूळ घालू नका. मीठ चाखल्याशिवाय नको, सोया सॉस खारटच असतो. डार्क सोया मुख्यतः रंगासाठी, त्याचा थेंबच पुरे. इंडोनेशियन रेसिपीत दिसणारा ‘केचप मानिस’ म्हणजे गोड, दाट सोया सॉस. तिथे टोमॅटो केचप ओतणाऱ्यांना मी काही सांगत नाही. तो नसेल तर सोया सॉस आणि गूळ घ्या. कोकण-गोव्याकडचा माडाचा गूळ मिळाला तर उत्तम, इंडोनेशियातही ताडमाडांचाच गूळ वापरतात.

आणि हा झटपट सॉस उकळू नका. मलेशियातला कुआह काचांग, म्हणजे तिथला शेंगदाण्याचा सॉस, तेल वर येईपर्यंत शिजवतात, पण तो निराळा प्रकार आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. उरलेला सॉस फ्रिजमध्ये घट्ट होणारच. खाताना चमचाभर गरम पाणी घालून फेटा आणि लिंबू पुन्हा पिळा.