ऋण कोन सोडवताना या चुका टाळा: उणे चिन्ह एकदाच मोजा

साइन(−२४०°) ची किंमत +√३/२ आहे. तरी अकरावीच्या प्रत्येक नव्या बॅचमध्ये हेच उत्तर उणे लिहिलेल्या वह्या माझ्याकडे येतात. त्यातली एकेक ओळ सुटी वाचली तर चूक सापडत नाही, म्हणून या चुकीवर जरा सविस्तर लिहिते.

एका सराव परीक्षेनंतर एक मुलगी पेपर घेऊन आली. "मॅडम, सगळ्या स्टेप्स बरोबर आहेत, मग मार्क का कापले?" तिने लिहिलं होतं: −२४०° दुसऱ्या चरणात येतो. बरोबर. संदर्भ कोन (अंतिम बाजूने क्ष-अक्षाशी केलेला लघुकोन) ६०°. बरोबर. दुसऱ्या चरणात साइन धन. तेही बरोबर. आणि शेवटची ओळ: साइन(−अ) = −साइन अ, म्हणून उत्तर −√३/२.

मी तिला आकृती काढायला लावली. क्ष-अक्षाच्या धन बाजूपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिर. −९०° ला खाली, −१८०° ला डावीकडे, आणखी ६०° गेलीस की कुठे? "वर, डाव्या बाजूला." मग य निर्देशक, ज्यावरून साइनचं चिन्ह ठरतं, तो धन की ऋण? "धन." थोडा वेळ ती आकृतीकडे बघत राहिली आणि शेवटची ओळ तिनेच खोडली.

इथे रस्ते दोन आहेत. कोन आहे तसा ठेवून चरण शोधला, तर उणे चिन्ह फिरण्याची दिशा ठरवण्यातच खर्च झालं, ते पुन्हा लावायचं नाही. नाहीतर उणे आधी बाहेर काढा: −साइन २४०°. आता तुमच्यासमोर २४०° आहे, तो तिसऱ्या चरणात, तिथे साइन ऋण, म्हणून −(−√३/२) = +√३/२. दोन्ही रस्ते एकाच उत्तराला पोचतात. घोळ होतो तो अर्ध्या वाटेत रस्ता बदलल्यामुळे. माझी सवय अशी की उणे चिन्ह वापरून झालं की पेन्सिलने त्याला गोल करायचा. गोल केलेलं चिन्ह पुन्हा मोजायचं नाही. मुलांना हे बालिश वाटतं, पण जी मुलं गोल करतात त्यांच्या वहीत ही चूक क्वचित दिसते.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक कॉसची. "कॉस उणे गिळतो" हे वाक्य मुलं कुठून तरी पाठ करून येतात आणि कॉस(−२४०°) = १/२ लिहून मोकळी होतात. कॉस(−अ) = कॉस अ एवढंच खरं आहे. कंसातलं उणे गेलं, पण उत्तर धन येईल असं कुणीही म्हटलेलं नाही. कॉस २४०° तिसऱ्या चरणात, म्हणून −१/२. सीईटी असो की जेईई, पर्यायांत १/२ आणि −१/२ दोन्ही ठेवलेले असतात, आणि घाई करणारा विद्यार्थी नेमका पहिल्यावर बोट ठेवतो. 'ॲड शुगर टू कॉफी' वर (पहिल्या ते चौथ्या चरणात अनुक्रमे ऑल, साइन, टॅन, कॉस धन, हे लक्षात ठेवायची युक्ती) माझा राग नाही, पण ते सूत्र चरण सापडल्यानंतर कामाला येतं. आकृती काढायला दहा सेकंद लागतात. ती वाचवून कुणाचाही पेपर लवकर सुटलेला मी पाहिला नाही.

ऋण कोनासाठी चरणांचे क्रमांक बदलत नाहीत. ०° ते −९०° च्या मधला कोन चौथ्या चरणातच असतो, पहिल्या नाही.

संदर्भ कोन नेहमी क्ष-अक्षाशी मोजायचा. −१५०° साठी तो ३०° आहे. १५० मधून ९० वजा करून ६०° काढणारे य-अक्षाशी मोजत असतात. आणि संदर्भ कोन कधीच ऋण नसतो.

मोठ्या कोनात वेगळीच गंमत होते. −१११०° दिला की मुलं १११० ला ३६० ने भागतात, बाकी ३०, आणि पहिला चरण म्हणून पुढे जातात. उरलेला कोन −३०° आहे, चरण चौथा, साइन −१/२. मी भागाकार करतच नाही. कोन धन होईपर्यंत ३६० मिळवत जाते. −१११० + १४४० = ३३०, प्रश्न संपला.

−९०°, −१८०°, −२७०° यांना संदर्भ कोन शोधत बसू नका. अंतिम बाजू अक्षावरच आहे, निर्देशक थेट वाचा: साइन(−२७०°) = १.

साइन(क्ष − ९०°) म्हणजे −कॉस क्ष. कंसातला क्रम उलटवताना बाहेर आलेलं उणे विसरू नका.

घरी उत्तर ताडून बघताना कॅल्क्युलेटरने साइन(−३०) साठी ०.९८८ दाखवलं, तर तो रेडियनमध्ये आहे.

सरावाला ही चार घ्या आणि प्रत्येक दोन्ही रस्त्यांनी सोडवा: कॉस(−२१०°), साइन(−३००°), टॅन(−२२५°), सेक(−१२०°). उत्तरं अनुक्रमे −√३/२, √३/२, −१, −२. कुठे दोन रस्त्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर आधी उणे चिन्हाभोवतीचा गोल तपासा.