फोटोत लांबचे कुरव (सीगल) धूसर येत होते, त्याचा उपाय

दापोलीहून हर्णै-आंजर्ल्याकडे बाइक काढली की हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरव हमखास भेटतात. फोटो मात्र सगळे मऊ, पिसं एकमेकांत विरघळलेली. हलल्यामुळे असेल म्हणून शटर १/२००० सेकंद ठेवून पाहिलं, लेन्सवरचा फिल्टर काढला, फरक शून्य. मग त्याच लेन्सने जवळचा खेकडा टिपला, तर त्याच्या डोळ्यांचे देठसुद्धा लख्ख! म्हणजे लेन्स ठणठणीत, गडबड मधल्या हवेत. ऊन चढलं की वाळू तापते, वरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याच्या कडा मोडतात. इथे महागडी लेन्सही हात टेकते.

आता उजाडायच्या आत निघतो. किनारा पश्चिमेकडे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून थेट पक्ष्यांवर पडतं. वाळू थंड आहे तोवर पालथं पडून जवळ सरकायचं (कपड्यांबद्दल घरचे बोलतातच). पक्ष्यामागे ओली काळपट वाळू असेल तर एक्सपोजर एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर पिसं पार पांढरीफटक येतात. सुवर्णदुर्गाचे देखावे संध्याकाळच्या उजेडात. लेन्सवरचं खारं आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी पंपाने) उडवायचं, मग ओलसर कापडाने टिपायचं. कोरडं पुसलं तर मीठ ओरखडे पाडतं.