सुलोचना म्हणजे कोणती सुलोचना?

जुन्या नट्यांवर प्रबंध करणाऱ्या मुलींचे मला अधूनमधून फोन येतात. मी काही नावाजलेली अभ्यासक नाही. माझा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला होता, ही बातमी मात्र बरीच पसरली.

विषय होता सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स. १९०७ साली पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी, टेलिफोन ऑपरेटर. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं. १९२५ च्या ‘वीरबाला’नंतर दोन-तीन वर्षांतच नुसत्या तिच्या नावावर खेळ भरू लागले. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (१९२७) तिने आठ सोंगं घेतली: माळी, पोलीस, केळीवाली, गोरी मड्डम आणि आणखी चार. यातलं आपल्याला काही बघायला मिळणार नाही, हे धरूनच कामाला लागा. आपल्याकडे १,३०० च्या आसपास मूकपट निघाले, त्यातले मूठभर उरलेत. जिचा अभिनय कधी पाहिलाच नाही, तिच्या अभिनयावर ऐंशी पानं लिहायची. पण घाबरू नका, लिहून होतात. जाहिराती, फोटो, खेळाच्या पुस्तिका यांवर भागतं.

आता माझा खड्डा. बोलपटांच्या श्रेयनामावलीत ‘सुलोचना’ एवढंच नाव दिसलं की मी ते माझ्या बाईंच्या खात्यात टाकत गेले. त्यात ‘सुजाता’ (१९५९) टाकला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “या साली तुमच्या नायिकेचं वय काय?” मी मनात हिशेब केला: बावन्न. “आणि पडद्यावरच्या बाईंचं?” माझी वाचा बसली. ‘सुजाता’तल्या सुलोचना म्हणजे आपल्या सुलोचनादीदी, सुलोचना लाटकर, कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेल्या. त्यांचा जन्म १९२८ चा. रुबी मायर्सची मूक ‘अनारकली’ आली तेच साल! मराठी घरात वाढूनही मी हे चुकले, कारण मी नाव वाचत होते, चेहरा बघतच नव्हते. गोंधळ व्हायला वाव होताच म्हणा. पुढे रुबी मायर्सनीही चरित्र भूमिका केल्या, त्या त्याच नावाने आणि त्याच काळात. पण परीक्षकांना हे सांगून उपयोग नसतो.

म्हणून प्रत्येक सिनेमापुढे तीन गोष्टी लिहा: साल, त्या साली बाईंचं वय, आणि फोटो प्रत्यक्ष पाहिला की नाही. फोटो नसेल तर नोंद पेन्सिलीने. ‘अनारकली’ तर आणखी घोळात टाकते. १९२८ आणि १९३५ च्या सिनेमांत रुबी मायर्स स्वतः अनारकली आहेत, १९५३ च्या सिनेमात सलीमची आई. तिन्ही कार्डं वेगळी ठेवा.

आयत्या मजकुराबद्दल बोलायचं तर, ‘तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता’ हे वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल. पगार महिना ५,००० रुपये सांगतात. १९३५ च्या भारत सरकार कायद्याचं परिशिष्ट उघडा: मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिना १०,०००. ज्याने त्याने आधीच्या लेखातून उतरवलंय. मीही उतरवलं होतं. चुकीचं वाक्य गोड असलं की ते तपासायला हात उठत नाही.

मार्गदर्शक नावाजलेला नको, चिडका हवा. माझे फार प्रेमळ होते, न वाचता सही करायचे.

प्रबंध परत आला तर रडून घ्या, दोन दिवस पुरतात. रुबी मायर्सनाही धक्का बसला होता: पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) त्यांच्याच इम्पीरियल कंपनीचा, तरी नायिका झाली झुबेदा. त्यांची हिंदुस्तानी कच्ची पडली, असं सांगतात. मग त्यांनी भाषा शिकून घेतली आणि १९३२ च्या बोलक्या ‘माधुरी’तून परतल्या. १९७३ चं फाळके पारितोषिकही त्यांना मिळालं. माझी दुरुस्ती चार महिन्यांत झाली.

माझ्या वहीत आता रुबी मायर्स लाल शाईत असतात, दीदी निळ्या शाईत. परवा एका मुलीचा फोन आला. तिला कुठेतरी सापडलं होतं की सुलोचना लावण्याही गायच्या. म्हटलं, त्या सुलोचना चव्हाण. हिरवं पेन घे.