कमरेला रुमाल बांधायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या सभेनंतर एका मुलीनं मला विचारलं होतं, "काका, 'प्रीती करा, सेवा करा' हे दर रविवारी ऐकते. पण सोमवारी सकाळी मी नाशिकच्या सातपूरला कंपनीत असते. तिथं करू काय?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आज जे सुचतंय ते तिच्यासाठी आणि असाच प्रश्न पडणाऱ्या कुणासाठीही लिहितोय. त्यासाठी ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय उघडा आणि त्यातली फक्त क्रियापदं वाचा. येशू भोजनावरून उठला. बाहेरची वस्त्रं काढून ठेवली. रुमाल कमरेला बांधला. गंगाळात पाणी ओतलं. शिष्यांचे पाय धुतले, रुमालानं पुसले. मग वस्त्रं चढवून पुन्हा बसला. त्या काळी धुळीच्या रस्त्यानं आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं हे घरातल्या नोकराचं काम होतं, आणि त्या रात्री ते करायला कुणीच उठलं नव्हतं. मला यात कामाचा क्रमच दिसतो. त्याच क्रमानं जाऊ.

आधी उठा

उठण्याआधी दिसावं लागतं. एक छोटी वही घ्या आणि आठवडाभर एवढंच टिपा: कोणतं काम "दुसरं कुणीतरी करेल" म्हणून पडून राहतं? घरी बेसिनच्या जाळीत अडकलेलं खरकटं असतं. सोसायटीत जिन्यातला गेलेला बल्ब असतो. कंपनीत कँटीनमध्ये एकटाच डबा खाणारा कंत्राटी कामगार असतो, त्याचं नाव महिनाभरात कुणी विचारलेलं नसतं.

त्यातलं एकच निवडा. पाच नकोत. ते महिनाभर करा आणि कुणाला सांगू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूनं दानाबद्दल सांगितलं, ते बेसिनच्या जाळीलाही लागू आहे. आठ-दहा दिवसांनी मनात येईल, "कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही!" नेमकं तेव्हा काम सोडायचं नाही. जाळी साफ होतेच, पण त्या दिवसांत आपलं मनही आपल्याला दिसू लागतं.

मग वस्त्र काढून ठेवा

हे मला सगळ्यात जड गेलं.

आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओट्याखाली फिनाइलच्या बाटलीशेजारी पालथा ठेवलेला. कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, तसं चालत आलं होतं. माझ्या आजीला गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यावं लागे. ती ख्रिस्ती झाली तरी गावानं ओंजळच दिली. तिच्याच नातवाच्या घरात, भिंतीवर क्रूस आणि ओट्याखाली तो कप. एकदा मावशी सुट्टीवर असताना मी केर काढायला वाकलो तेव्हा तो दिसला. वर्षानुवर्षं तिथंच होता.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण इथं होते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतरही बराच काळ आपलं सोवळं सांभाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आत रुतलेलं असं एका दिवसात निघत नाही, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून मला पटतं. म्हणून स्वतःवर चिडत बसू नका, पण कपापासून सुरुवात करा. वेगळा कप टाकून द्या. मावशींना घरातल्याच कपात चहा द्या आणि दोन मिनिटं त्यांच्यासोबत बसून प्या. पहिल्या दिवशी त्या अवघडतील. त्याचा गाजावाजा करू नका, "आमच्याकडे आम्ही भेद मानत नाही हं" असं तर मुळीच म्हणू नका.

बोलण्याचंही तेच. घंटागाडीवरच्या माणसाला "ए कचरेवाला" म्हणू नका. दादा म्हणा, ताई म्हणा. जमलं तर नाव विचारून घ्या आणि लक्षात ठेवा. कचऱ्यात फुटकी काच असेल तर ती वेगळ्या कागदात गुंडाळून तसं सांगून द्या. तो कचरा पुढं कुणाच्या तरी हाताखालून जातो.

पाणी ओता, वाका

आता अक्षरशः पायांबद्दल. घरात म्हातारं माणूस असेल तर या आठवड्यात त्याचे पाय धुऊन द्या. माझ्या वडिलांना मधुमेह होता. पाठ वाकत नव्हती, नखं वाढून बोटात रुतत होती, आणि ते कुणाला सांगत नव्हते. मला कळलं तेही मोजा काढताना रक्ताचा डाग दिसला म्हणून.

कसं करायचं ते सांगतो. त्यांना खुर्चीवर बसवा, तुम्ही खाली पाटावर बसा. पाणी कोमट घ्या आणि स्वतःच्या कोपरानं तपासा. मधुमेहात पायाला चटका कळत नाही, त्यामुळे "गरम आहे का हो?" या प्रश्नाचा उपयोग नसतो. पाय फार वेळ भिजवत ठेवू नका, कातडी कोरडी पडते. साधा साबण लावून धुवा. मऊ पंच्यानं पुसा, बोटांच्या बेचक्या विशेष. ओल राहिली की तिथं चिखल्या होतात. टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, बेचक्यांत लावू नका. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. भोवरी ब्लेडनं कापायची नाही. पाय बधिर असेल, जखम असेल, रंग बदललेला असेल तर नखंसुद्धा आपण कापू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. शेवटी तळवा उचलून नीट बघा. तो त्यांना स्वतःला दिसत नाही.

वडील पहिल्यांदा पाय मागे घेऊन म्हणाले, "राहू दे रे, तू नको." मी म्हटलं, "मग कोण करणार?" यावर ते काही बोलले नाहीत. पाणी ओतल्यावर हळूच पाय पुढे केला. बोटं जाड झाली होती, करंगळीचं नख काळं पडलं होतं. याच पायांनी त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत नेलं होतं. त्यांच्या पायाकडे मी इतक्या जवळून त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सेवेबद्दल मला जे थोडंफार कळलं ते त्या पाटावर बसून कळलं: खाली बसल्याशिवाय माणूस पूर्ण दिसत नाही.

विचारा, ठरवू नका

बायबलमध्ये यरीहो गावाजवळ बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत आला, तेव्हा येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? समोरचा आंधळा आहे हे दिसत होतं, तरी विचारलं.

नाशिकच्या आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून माणसं येतात. चर्चच्या मंडळीतली चार माणसं मिळून तिथं जाणार असाल तर केळी-बिस्किटांच्या पिशव्या भरण्याआधी एक फेरी रिकाम्या हातानं मारा. कुणाला साखर वर्ज्य असते, कुणाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं. वॉर्डातल्या सिस्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाला काही खायला देऊ नका. नातेवाइकांशी बोलाल तर कळेल की त्यांना हवं असतं ते वेगळंच. एक्स-रे कुठं काढतात ते दाखवणारं कुणी, केसपेपरच्या रांगेत तासभर उभं राहणारं कुणी, मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याजवळ थांबणारं कुणी. रात्रभर न झोपलेल्या बाईला "तुम्ही तासभर पडा, मी बसतो सलाइनकडे बघत" असं म्हणणारं कुणी मिळालं तर तिला केळ्यांहून तेच मोठं वाटतं.

दोन गोष्टी मी अगदी कळवळून सांगतो. रुग्णासोबत फोटो काढू नका. आणि मदतीला प्रचाराची दोरी बांधू नका. त्या बाईनं तुमच्या प्रार्थनेला यावं म्हणून तुम्ही रांगेत उभे राहिलात तर ती प्रीती राहत नाही, सौदा होतो. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्यानं, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या वाटसरूनं, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला जात-पंथ विचारला नव्हता. तिनं स्वतःहून प्रार्थना करायला सांगितली तर तिथंच हळू आवाजात, दोन वाक्यांत करा.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याचेही

त्या रात्री येशूनं यहूदाचेही पाय धुतले, त्याला शत्रूंच्या हाती देणाऱ्या शिष्याचे. हे वाचून मी नेहमी थांबतो.

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एका घराशी आमचं दीड वर्ष बोलणं बंद होतं. माफीची मोठी भाषणं मला जमत नाहीत. मी एवढंच केलं, पाणी आलं नाही त्या दिवशी टँकर आल्यावर त्यांचंही दार वाजवलं, "टँकर आलाय, वहिनी." दार लगेच बंद झालं. पुढच्या वेळी पुन्हा वाजवलं. तुम्हीही छोटं, कामाचं काहीतरी निवडा. समोरच्यानं लगेच विरघळावं अशी अट घालू नका. आणि जिथं मारहाण, छळ होतो तिथं हे लागू नाही. तिथं आधी सुरक्षित जागी जायचं आणि मदत मागायची.

पुसायला विसरू नका

पाय धुऊन ओले सोडले तर काम अर्धवट राहतं. आपल्या पुष्कळ सेवा ओल्याच राहतात. मावशींच्या मुलीचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दिला म्हणजे झालं, असं नाही. पासवर्ड तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहायला लावा. ओटीपी तिचा तिलाच टाकू द्या. अर्ज परत आला तर कारण वाचून दुरुस्त करायला पुन्हा तिच्याजवळ बसा. पुढच्या वर्षी तिला स्वतःला भरता आला पाहिजे.

नाशिकच्या शरणपूरचा इतिहास मला याच कारणानं प्रिय आहे. 1854 साली चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेनं तिथं वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली गेली. त्यांना आसरा मिळाला, शिक्षण मिळालं आणि सुतारकाम, लोहारकाम असे हाताचे धंदेही शिकायला मिळाले. तिथं शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या तांड्यात होता, आणि 1874 साली लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीचा भार वाहणाऱ्यांतही होता. शरण आलेल्याला भाकर द्यावी, आणि पुढं स्वतःच्या पायावर चालेल इतकं हातात द्यावं.

पुन्हा बसा

पाय धुऊन झाल्यावर येशू वस्त्रं चढवून बसला. शोमरोन्यानंही जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, "जास्त लागलं तर परत येताना देईन" म्हणाला आणि आपल्या वाटेनं गेला. स्वतःचा प्रवास त्यानं मोडला नाही. देखभालीसाठी दुसऱ्याला सोबत घेतलं आणि पुन्हा येण्याचा शब्द दिला. तुमच्या घरी आजारी माणूस असेल तर भावा-बहिणींत वार वाटून घ्या. आठवड्यातली एक संध्याकाळ कुणाचंच काही करू नका.

आणि पाय पुढे करा

त्या रात्री पेत्र नावाचा शिष्य पाय पुढे करायला तयार नव्हता. सेवा करणाऱ्यांना हेच जमत नाही. देताना आपण वर असतो, घेताना खाली यावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खालाजान सलग पाच दिवस डबा पाठवत होत्या. मऊ खिचडी, एक दिवस दुधीची भाजी, त्यांच्या हाताची. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही ही रीत. ती चांगलीच आहे. पण माझ्या मनात रीतीहून दुसरंच काही होतं. मी बायकोला म्हणत होतो, "काहीतरी घाल त्यात, उपकार नको राहायला." ती म्हणाली, "त्यांनी उपकार केलेच नाहीत. तुम्ही आजारी आहात म्हणून खिचडी पाठवली."

पाचव्या दिवशी मी स्वतः डबा घासला, पुसला. हळूहळू चालत शेजारी गेलो आणि रिकामाच त्यांच्या हातात दिला. "मीठ बरोबर होतं का?" त्यांनी विचारलं.