मिस्त्रीचं गृहकर्ज: फ्लॅट बघण्याआधी कागद जमवा

प्लास्टर, सेंट्रिंग, लादी, प्लंबिंग अशी उक्ती कामं घेणाऱ्या माणसाकडे पगाराची स्लिप नसते आणि बँकेत पहिल्यांदा तीच मागतात. कमाई पगारदारापेक्षा बरी असते, पण ती कागदावर कुठे उतरलेली नसते. उतरवायला साधारण दोन वर्षं लागतात. म्हणून सॅम्पल फ्लॅट बघत फिरण्याआधी तयारीला लागा.

सुरुवात बँक खात्यापासून. कामाचे पैसे एकाच खात्यात घ्या, घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा. मालक रोख देतो म्हणाला तर निदान मोठी बिलं तरी ऑनलाइन किंवा चेकने मागा. अडचण होते ती मजुरीमुळे. शुक्रवारी ८० हजार जमा झाले, शनिवारी पोरांचा बाजार, म्हणजे आठवड्याची मजुरी, द्यायला ७५ हजार काढले, खात्यात उरले पाच. स्टेटमेंट बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त रिकामं खातं दिसतं. यावर उपाय म्हणजे हजेरीची वही. माणसाचं नाव, दिवस, दर, दिलेली उचल आणि सही किंवा अंगठा. जमेल तितकी मजुरी यूपीआयने द्या, म्हणजे वही आणि खातं एकमेकांशी जुळतं. कोणत्या साइटवर किती ब्रास किंवा किती चौरस फूट काम झालं आणि दर काय ठरला, हेही त्याच वहीत टिपून ठेवा. घरी चौकशीला येणारा माणूस हेच विचारतो, आणि तोंडी हिशेबापेक्षा मळकी वही त्याला जास्त पटते.

आता रिटर्न, म्हणजे आयकर विवरणपत्र. इथेच बहुतेकांची फाइल अडते. छोट्या धंद्यांसाठी ४४एडी या नावाने ओळखली जाणारी सोय आहे. हिशेबाची पुस्तकं न ठेवता रोख आलेल्या रकमेवर किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवायचा. यातला ‘किमान’ शब्द कोणी वाचत नाही. समजा वर्षाची उलाढाल १८ लाख आहे, मजुरी आणि माल वजा जाता हातात ६ लाख राहतात. रिटर्न भरून देणारा सवयीने ८ टक्के धरतो आणि उत्पन्न लागतं १ लाख ४४ हजार, म्हणजे महिना १२ हजार. बँकेने त्यातला निम्मा हप्त्यासाठी धरला तर ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी जेमतेम साडेसहा लाख कर्ज बसतं. तेच खरे ६ लाख दाखवले तर हप्त्याला २५ हजार मोकळे होतात. आणि कर? २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य आहे. तरीही उत्पन्न लपवायची जुनी खोड जात नाही, याचं मला नवल वाटतं. बँका दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. ते दरवर्षी वेळेत भरलेले असावेत. कर्जाच्या तोंडावर घाईने भरलेले रिटर्न तारखेवरूनच ओळखू येतात.

बिल्डरकडून काम घेत असाल तर त्याला पॅन द्या. तो १ टक्का टीडीएस, म्हणजे बिलातूनच आगाऊ कर, कापतो, तो २६एएस या आयकर खात्याच्या उताऱ्यात तुमच्या नावावर दिसतो, आणि धंदा खरा असल्याचा त्याहून चांगला पुरावा नाही. कापलेली रक्कम रिटर्नमध्ये परत मागता येते. पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असेल तर त्याची मुदत तपासा. मंडळाच्या योजनांमध्ये गृहकर्जावरच्या अनुदानाचीही योजना आहे.

सिबिल, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली याचे गुण, वर्षातून एकदा फुकट बघता येतं. ७५० च्या वर असेल तर बोलणं सोपं जातं. मोबाइलचे, गाडीचे हप्ते आधी संपवा. वर काढलेल्या २५ हजारांतून हे हप्ते ६-७ हजार गेले तर उरलेल्या १८ हजारांत २० लाखांचंच कर्ज बसतं. मित्राला पतसंस्थेत जामीन राहिला असाल आणि त्याने हप्ते थकवले, तर तेही तुमच्या अंगावर येतं. बायको सहकर्जदार असेल तर तिच्या नावावरचं बचत गटाचं कर्जही तपासलं जातं.

घराचे कागद घरापेक्षा आधी बघा. नोटरीवर घेतलेल्या गुंठेवारीच्या, म्हणजे तुकडे पाडून विकलेल्या, जागेला बँक हात लावत नाही, बांधकाम कितीही पक्कं असो. आपण दुसऱ्यांची घरं बांधतो, त्यामुळे भिंत बघून भुलतो. फ्लॅट नवा असेल तर महारेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) बघा, जुना असेल तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) आणि आधीच्या खरेदीखतांची साखळी बघा.

स्वतःचे पैसे किती लागतील? ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण आपल्यासारख्यांची फाइल ८० वरच धरून चाला. २५ लाखांच्या फ्लॅटला ५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क त्यावर वेगळं आणि नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २५ हजार. खरेदी फक्त बायकोच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सुटतो. भिशीचे पैसे ऐनवेळी एकदम खात्यात टाकू नका, कुठून आले ते विचारतात. वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ची व्याज सवलत विचारा. घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं.

रिटर्नशिवाय कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या आहेत, पण व्याज चढं असतं. २० लाखांना २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी हप्ता १८ हजार, १२ टक्क्यांनी २२ हजार. चार हजारांचा फरक २४० महिने भरायचा आहे, त्यामुळे जमल्यास वर्षभर थांबा. कर्ज बदलत्या व्याजदराचं घ्या, मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. आणि जून ते सप्टेंबर बाहेरची कामं बंद असतात, तेव्हाचे चार हप्ते मे महिन्यातच खात्यात बाजूला काढून ठेवा.