डॅन्यूब क्रूझवर ड्युर्नश्टाईनला उतरणार असाल तर

ऑस्ट्रियात मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबच्या वाखाउ खोऱ्याचा टप्पा आहे ना, साधारण ३६ किलोमीटरचा, त्यातच हे गाव येतं. हजारभरही वस्ती नाही आणि बोट थांबते जेमतेम काही तास, म्हणून काय बघायचं ते आधी ठरवूनच उतरा.

माझं ऐका, उतरल्या उतरल्या थेट किल्ल्यावर जा. बहुतेक जण आधी गल्लीतल्या दुकानांत रमतात आणि मग ऊन चढल्यावर धापा टाकत वर येतात. चढ अर्ध्या तासाचा, नाशिकची पांडवलेणी चढणाऱ्या माणसाला काहीच वाटणार नाही, फक्त सगळीकडे बांधीव पायऱ्या नाहीत, दगड सुटे आहेत आणि पाऊस पडून गेला असेल तर पाय घसरतो. आईने हौसेने नवीन सँडल घातले होते, ती निम्म्यातच बसली, मला फार वाईट वाटलं. ग्रिपचे बूटच घाला, पाण्याची बाटली बोटीवरूनच भरून घ्या.

वर पडक्या भिंती आहेत, पण गोष्ट माहीत असली की त्या बोलायला लागतात. इंग्लंडचा राजा रिचर्ड, सिंहहृदयी म्हणतात तो, क्रूसेडवरून, म्हणजे धर्मयुद्धावरून, परतताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि त्याला इथे डांबलं. किल्ला पाडला तो १६४५ मध्ये स्वीडिश फौजेने. तिथून खाली बघा, नदीचं वळण आणि द्राक्षाच्या बागा. आपल्याकडे सपाट रान, मांडव, ड्रिप, आणि तिथे अख्ख्या डोंगरउतारावर सिमेंट न वापरता नुसते दगड रचून पट्ट्या केल्यात. दिंडोरीच्या मामांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, ट्रॅक्टर कसा नेतात? बऱ्याच पट्ट्यांवर नेतच नाहीत मामा, सगळं हाताने.

खाली आलात की चर्चचा निळा-पांढरा मनोरा बघा, मुख्य गल्ली पाच-दहा मिनिटांत संपते. खायला मारिलेनक्नोडेल घ्याच, म्हणजे उकडीच्या मोदकासारखा गोळा, आत अख्खं जर्दाळू आणि वरून लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा. पिठात बऱ्याचदा अंडं असतं, चालत नसेल तर आधी विचारा. नाहीतर जर्दाळूचा जॅम घरी न्या.

अजून एक, नदीचं पाणी खूप चढलं किंवा खूप उतरलं की बोटीचं वेळापत्रक बदलतं, त्यावर चिडू नका. आपण नाशिककर, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरून पूर मोजणारे! याच नदीवरच्या जर्मनीतल्या पासाउ शहरात टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, १५०१ ची आणि २०१३ ची सगळ्यात वर, आई मान वर करून बघतच राहिली.

परतताना बोटीचं नाव नीट बघा, कधी कधी दोन बोटी शेजारी शेजारी बांधतात आणि दुसरीच्या लॉबीतून आपल्या बोटीत जावं लागतं. बोटीचं कार्ड खिशात ठेवा आणि सुटायच्या अर्धा तास आधी धक्क्यावर या.